फेरागामोला हे जोडे सुचले कुठून?

टाचणी

नमस्कार मंडळी. जरा अडले आहे.

पुण्यात फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात प्रत्येकाला चिठ्ठी काढून एकेक डिझायनर दिलाय आणि त्याला कशाकशातून सुचलं ते एका मोठ्या फलकावर मांडायचंय. चित्रं, कापडाचे तुकडे, रंग, काय हवं ते लावा. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांत कपडेवाले निघाले. माझ्या चिठ्ठीत साल्वातोरे फेरागामो, म्हणजे जोडेवाला.

दोन दिवस खपून फलक केला. डाव्या कोपऱ्यात फ्लॉरेन्सचा पूल. वर पिरॅमिड, कारण १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर सगळ्या युरोप-अमेरिकेला इजिप्तचं वेड लागलं होतं आणि ते याच्या जोड्यांतही दिसतं. मग जपानी ताबी मोजा, म्हणजे अंगठा वेगळा असलेला, कारण १९५१ ची त्याची 'किमो' सँडल, जिच्या आत साटिनचा मोजा घालायचा. मधोमध हॉलिवूडची नटी जूडी गार्लंड हिच्यासाठी १९३८ मध्ये केलेली ती रंगीबेरंगी थरांची उंच सँडल. बाईंनी चष्मा खाली ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "हे टुरिस्ट कंपनीचं कॅलेंडर झालं. यात माणूस कुठाय?"

राग आला, पण त्यांचं बरोबर आहे. याच माणसाने बुचाच्या टाचा केल्या, माशाच्या कातड्याचे जोडे केले, चॉकलेटच्या वेष्टनाच्या कागदाचे केले, मासे पकडायच्या दोऱ्याचे केले. पिरॅमिड बघून कुणाला चॉकलेटचा कागद सुचत नाही. मग सुचलं कुठून?

खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकही जोडा उसवून बघितलेला नाही. इथे कुणी या धंद्यातलं आहे का?

चिंचपोकळी_लोकल

सोपं आहे. फलकावर एक कोल्हापुरी चिकटव नि खाली लिही 'प्रेरणा'. इटालियन लोकांना ती कुठून मिळते ते जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर अख्ख्या जगाने पाहिलं.

टाचणी

ती कोल्हापुरी दाखवणारी कंपनी प्राडा. माझा फेरागामो. आणि तो १९६० सालीच वारला हो.

फर्मावाला

मी या धंद्यातला. म्हणजे होतो.

सव्वीस वर्षं कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा कॉलनीत लेडीज सँडलचे पॅटर्न कापले. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराचा गाळा, वर माळा, सात माणसं आणि चोवीस तास सोल्युशनचा, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचा वास. आता गुडघे गेले म्हणून बदलापूरला घरी असतो. मुलगी बोलोन्याला नोकरी करते. २०१८ मध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा हट्ट धरून फ्लॉरेन्सला गेलो. लोक डेव्हिडच्या पुतळ्यासाठी रांगेत उभे आणि मी सांता त्रिनिता पुलाच्या तोंडाशी असलेल्या पालाझ्झो स्पिनी फेरोनीत. तेराव्या शतकातला दगडी वाडा. फेरागामोने तो १९३८ मध्ये विकत घेतला. त्यांचं संग्रहालय तिथेच आहे, १९९५ पासून.

जोडे बघितले, पण पाय थांबले ते फर्म्यांपुढे. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, ज्यावर अप्पर, म्हणजे जोड्याचा वरचा भाग, ओढून जोडा बांधतात. कुणी कलबूतही म्हणतं. तिथे गिऱ्हाइकांचे फर्मे नावानिशी ठेवलेत. मर्लिन मन्रोचा आहे, ऑड्री हेपबर्नचा आहे. बायको म्हणाली, एवढ्या लांब येऊन लाकडाचे पाय काय बघत बसलात. म्हटलं, या माणसाने जन्मभर दुसरं काय बघितलं?

आता तुझा प्रश्न. पिरॅमिड, जपान वगैरे खोटं नाही, पण ते वरचं काम झालं. आत डोकावलंस तर त्याला जे सुचलं ते बहुतेक वेळा काहीतरी मिळेनासं झालं म्हणून सुचलं. सुरुवातीपासून बघ. नेपल्सपासून आत डोंगराकडे बोनितो नावाचं खेडं. १८९८ चा जन्म, शेतकऱ्याच्या चौदा पोरांतला अकरावा. बहिणीच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या विधीला, पांढरे जोडे हवेत आणि घरात पैसा नाही. नऊ वर्षांच्या या पोराने गावातल्या मोच्याकडून कॅनव्हास, पुठ्ठा मागून आणला आणि रातोरात जोडे केले. घरच्यांना मात्र पोराने मोची होणं पसंत नव्हतं, हलका धंदा म्हणून. हे त्याच्या आत्मचरित्रात वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. धंदा हलका असतो हे आम्हाला कुणी इटलीहून येऊन सांगायला नको.

नेपल्सला उमेदवारी, मग गावात स्वतःचं दुकान, मग विशीच्या आतच अमेरिका. बोस्टनकडे जोड्यांचा मोठा कारखाना बघितला तर त्याला ते मशीनचे जोडे बोजड वाटले. तिथे रमला नाही. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला जाऊन सिनेमातल्या काउबॉयांचे बूट करायला लागला आणि १९२३ मध्ये हॉलिवूडला दुकान टाकलं. सेसिल डीमिलच्या बायबलपटासाठी पायताणं यानेच केली. नट्यांची रीघ लागली.

पण नीट ऐक, खरा मुद्दा पुढे आहे. जोडे सुंदर होते आणि पाय तरी दुखत होते. म्हणून हा गडी चालतं दुकान सांभाळून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शरीरशास्त्र शिकायला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की माणूस सरळ उभा राहिला की अंगाचा भार ओळंब्यासारखा सरळ खाली पायाच्या कमानीवर येतो. आणि जोडेवाले आधार देतात टाचेला नि चवड्याला. कमान आपली अधांतरी. त्याने कमानीखाली पोलादाची पट्टी बसवून तिला आधार दिला. या पट्टीला शँक म्हणतात, आमच्या गाळ्यात पत्ती. बाहेरून दिसत नाही. इनसोल आणि सोलच्या मधे, टाचेपासून चवड्याच्या अलीकडेपर्यंत असते. चार-साडेचार इंच लांब, बोटभर रुंद, मधे पन्हळ पाडलेली.

ही काय काम करते ते मला एकदाच पुरतं कळलं. एका दिवाळीआधी अडीच इंच टाचेच्या चारशे जोडांची ऑर्डर होती. शेठने पत्तीचा माल नव्या ठिकाणाहून स्वस्तात उचलला. दिसायला तीच, वजनाला तीच. जोड गेले, दिवाळी झाली आणि दुकानदाराचे फोन सुरू. बाई चार पावलं चालली की टाच मागे पळते, तळ मधे झोळीसारखा बसतो. नव्वद जोड परत आले. मी रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, घालून एक उसवला. पत्ती वाकून चमच्यासारखी झालेली, पन्हळ सपाट. पाणी न दिलेलं, म्हणजे तापवून-बुडवून कडक न केलेलं पोलाद. शेठने माझ्याकडे बघितलं, मी शेठकडे. पुढचे आठ दिवस आम्ही नव्वद जोड उसवत होतो.

आता हेच १९३५-३६ च्या इटलीत बघ. तोवर फेरागामो अमेरिकेतून परतून फ्लॉरेन्सला बसला होता. मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली म्हणून राष्ट्रसंघाने निर्बंध घातले. चांगलं पोलाद लढाईकडे गेलं, जोडेवाल्यांच्या वाट्याला हलकं राहिलं. फेरागामोच्या पत्त्या मोडायला लागल्या. त्याआधी १९३३ मध्ये एकदा दिवाळं निघालेलं, म्हणजे पुन्हा तोंडघशी पडायची सोय नव्हती. आमचा शेठ दुसरा पत्तीवाला शोधत फिरला. याने पत्तीच काढून टाकली. टाच आणि चवडा यांच्या मधली पोकळीच भरून टाकली तर आधाराला पोलाद लागतंय कशाला? सार्डिनिया बेटावर बूच होतं. त्याचे तुकडे चिकटवून, तासून, टाचेपासून चवड्यापर्यंत सलग उतरता ठोकळा केला. १९३७ ला पेटंट. आपण वेज हील म्हणतो ती हीच. दादर स्टेशनबाहेर ज्यांचे ढीग लागतात त्या सगळ्यांची खापरपणजी.

(बूच म्हणजे आपल्याकडे पांढरी लांब देठाची फुलं पडतात ते झाड नव्हे हं. हा ओकचा एक प्रकार. झाड तोडत नाहीत, नऊ-दहा वर्षांनी साल सोलतात, ती पुन्हा वाढते.)

बुचाची खुबी हातात घेतल्याशिवाय कळायची नाही. धार असली तर रापी लोण्यातून जावी तशी जाते, आणि धार नसली तर भुगा पडतो. वजन जवळपास नाहीच. पाण्याला दाद देत नाही. आणि दाबलं की परत वर येतं. मग या गड्याने थरांवर थर चढवायला सुरुवात केली. तुझी जूडी गार्लंडची सँडलही आतून बूचच, वरून रंगीत स्वेड. ती रंग बघून सुचली असं फलकावर लिहू नकोस. आधी टाच उंच करता येते हे कळलं, रंग मागून आले.

चामड्याचंही तेच. चांगलं चामडं मिळेना तसं त्याने अप्परला गवत घेतलं, ताग घेतला, राफिया म्हणजे ताडाच्या जातीच्या पानांचा धागा घेतला, आणि चॉकलेटचा तो पारदर्शक कागद. बोटांनी पीळ देऊन बघितला तर मजबूत लागला. सुताबरोबर वळून त्याच्या पट्ट्या विणल्या.

हात दुखायला लागले. पुढचं उद्या. तोपर्यंत एक काम कर. पाय ओला कर आणि शहाबादी फरशीवर उभी राहा. मग बाजूला होऊन ठसा बघ.

खडीसाखर

फर्मावाले, वाचायला मजा आली. पण थोडा खोडा घालते.

आत्मचरित्रात माणूस स्वतःची गोष्ट बेतून सांगतो. "टंचाई आली आणि मला सुचलं" ही गोष्ट सगळ्यांना आवडणारी. दुसरं म्हणजे देशी मालच वापरा हे तेव्हा तिथल्या सरकारचंच धोरण होतं. बूच, गवत, ताग वापरणारा कारागीर म्हणजे त्या राजवटीला हवाच होता. हा मुसोलिनीचेही जोडे करत होता. तिसरं, टंचाई तर बोनितोतल्या प्रत्येक मोच्याला होती, वाडा एकानेच घेतला. टाचणीने फलकावर मधोमध 'टंचाई' लिहिलं तर बाई विचारतील, मग बाकीच्यांना का नाही सुचलं?

टाचणी

काका, ठसा घेतला. माझा अख्खा पाय उमटला! भाकरीसारखा. मधे काही कोरडं राहिलंच नाही. रूममेटचा मात्र असा छान, टाच, कडेने बारीक पट्टी आणि चवडा. तिचा पाय बघून लगेच कळलं तुम्ही कुठल्या जागेबद्दल बोलताय. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझे पाय सपाट आहेत आणि उंच टाचांत ते का मोडून येतात.

खडीसाखर, तुमचा तिसरा प्रश्न बाई शंभर टक्के विचारणार. उत्तर आहे का कुणाकडे?

फर्मावाला

खडीसाखर, पहिले दोन मुद्दे मान्य. माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा थोडी पॉलिश मारतोच, आम्हीसुद्धा जोड पेटीत घालताना मारतो. आणि सरकारी वाऱ्याचा फायदा त्याला झाला असणार, नाही कशाला म्हणू.

तिसऱ्याचं उत्तर टाचणीच्या फरशीवर आहे. बुचाचा ठोकळा बाकीच्यांच्याही हाताला लागत होता. पण पोकळी नेमकी कुठे आहे, तिच्यावर किती भार येतो, हे याला दहा-बारा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. पत्ती मोडली तेव्हा याचा प्रश्न 'पत्ती कुठून आणू' असा नव्हताच. 'कमान कशाने धरू' असा होता. आमच्या शेठचा प्रश्न पहिला होता. माझासुद्धा.

नायलॉनच्या सँडलचं सांगायचं राहिलं. लढाई संपल्यावरची गोष्ट, १९४७. आर्नो नदीवर गळ टाकून बसणाऱ्यांकडे नायलॉनचा दोरा आला होता, पाण्यात माशाला दिसत नाही असा. याने तो दोरा पायावर आडवा-उभा ताणून अप्पर केलं. खाली पुढे झुकलेली, इंग्रजी एफसारखी आत कापलेली टाच. पाय हवेत तरंगतोय असं दिसतं. 'अदृश्य सँडल' म्हणून गाजली आणि त्याच वर्षी त्याला अमेरिकेत डॅलसला नीमन मार्कस पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत ख्रिस्तियान डिओरही होता. जोडेवाल्याला तो पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

लोक म्हणतात काय सुंदर. मी काचेला नाक लावून दोऱ्याची टोकं शोधत होतो. का ते सांगतो. आम्ही एका सीझनला पारदर्शक प्लास्टिक पट्ट्यांच्या सँडल केल्या होत्या. चामड्याच्या पट्ट्याखाली शंभर पापं झाकली जातात. खिळा वाकडा गेला, सोल्युशन जास्त पडलं, टोक कमी पडलं, सगळं चामडं पोटात घेतं. पारदर्शक पट्ट्याखाली सोल्युशनचा पिवळा डाग आठ दिवसांनी वर येतो आणि तिथेच राहतो. नायलॉनचा दोरा तर गाठ धरत नाही, सुटतो. त्याची इतकी टोकं इनसोल आणि टाचेच्या मधे दाबून धरायची, सगळ्यांचा ताण सारखा, एक सैल पडलं की पाय एका बाजूला झुकला. मला एकही टोक दिसलं नाही. पंधरा मिनिटं बघत होतो, पहारेकरी दोनदा येऊन गेला.

आणि सपाट पायाचं मनाला लावून घेऊ नकोस. याने बायकांचे त्यांच्या मापावरून तीन वर्ग पाडले होते. सहा नंबरपेक्षा लहान पाय म्हणजे सिंड्रेला, बरोबर सहा म्हणजे व्हीनस, सात आणि वर म्हणजे सरदारीण. आणि प्रत्येकीचा स्वभावही सांगायचा! आमच्याकडे मापावरून फक्त माल संपला की नाही ते सांगतात.

बडोद्याची_सून

टाचणी, तुझ्या फलकावर एक मराठी नाव हक्काने येऊ शकतं, म्हणून लिहिते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराज (तिसरे) आणि चिमणाबाईसाहेबांची मुलगी इंदिराराजे. जन्म १८९२. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न हिने स्वतः पत्र लिहून मोडलं, त्या काळात! आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. जयपूरच्या गायत्रीदेवी या तिच्या कन्या. तिशीतच वैधव्य आलं. शिफॉनची साडी हिने रूढ केली असं मानतात.

या इंदिरादेवी फेरागामोच्या गिऱ्हाईक होत्या. एकदा त्यांनी एकदम शंभर जोडांची ऑर्डर दिली. त्यात एक जोड हिरव्या मखमलीचा, त्यावर मोत्यांची वळणं, आणि एक काळ्या मखमलीचा हिऱ्यांचा. मोती नि हिरे बाईंनी स्वतःच्या संग्रहातून पाठवून दिले होते. हे फेरागामोने स्वतः लिहून ठेवलंय आणि गायत्रीदेवींनीही सांगितलंय.

आमच्या आजेसासूबाई राजवाड्याच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा त्यात पायांतला जोडा कधी आला नाही. दागिना गळ्यात, हातात, फार तर पायांत पैंजण. मोती पायताणाला लावायचे हे त्यांना सांगितलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. म्हणून वाटतं, ही कल्पना त्या इटालियन माणसाची नसावीच. ती गिऱ्हाइकाची.

चिंचपोकळी_लोकल

म्हणजे हिरे आपले, मखमल आपली, नाव त्यांचं. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

फर्मावाला

लोकल, तुझा कोल्हापुरीचा काटा बरोबर जागी आहे, पण इथे लावू नकोस. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आठ जिल्ह्यांचं, चार आपले चार कर्नाटकातले. मिलानमध्ये ती चप्पल दाखवली तेव्हा बनवणाऱ्यांचं नाव घेतलं नाही, बोंब झाल्यावर घेतलं. राग त्याचा होता. इंदिरादेवींनी स्वतः मोती पाठवले, जोड स्वतः घातले आणि जोडेवाल्याने त्यांचं नाव छापून सांगितलं. हा व्यवहार वेगळा.

बडोद्याच्या सूनबाई, तुमचं म्हणणं मला पटतं. आमच्या धंद्यात कल्पना घेऊन गिऱ्हाईकच येतं. भायखळ्याची एक बाई यायची, तिला लग्नाच्या शालूच्या काठाची सँडल हवी होती. मी नको म्हणत होतो, जरीची तार चुरगळते म्हणून. चवड्यापाशी जिथे पाय मुडपतो तिथे ती दोन दिवसांत तुटते. शेवटी काठ फक्त टाचेला आणि पायाच्या वरच्या पट्ट्याला लावला. नंतर तोच नमुना पाच वर्षं चालला.

मोत्यांचंही तसंच असणार. मखमलीवर मोती बसवायचे तर अप्पर फर्म्यावर ओढायच्या आधी टाकावे लागतात, आणि ओढताना मखमल ताणली की मोत्यांची रांग वाकडी होते. म्हणून आधी फर्म्यावर कागद लावून रेघ काढायची, कागद उलगडायचा, ती रेघ सपाट मखमलीवर उतरवायची. ताणल्यावर सरळ दिसावी म्हणून आधी मुद्दाम वाकडी काढायची. सरळ रेघ काढणारा पॅटर्नवाला पहिल्याच दिवशी घरी जातो.

आणि तुला गंमत सांगतो टाचणी. हाच तुझा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाय, सुचतं कुठून म्हणून. बापजाद्यांत कुणी जोडेवाला नव्हता. त्याचं उत्तर काय असावं? पुनर्जन्म. आपण आधीच्या जन्मांत जोडे केलेत आणि हे सगळं आपल्याला नुसतं आठवतंय, असं तो गंभीरपणे लिहितो. कॅथलिक घरातला माणूस! साडेतीनशेच्या वर पेटंट नावावर आणि म्हणतो, मला आठवलं. मी वाचून हसलो होतो. मग त्या फर्म्यांपुढे उभा राहिलो तेव्हा हसू आलं नाही. फर्म्याच्या कडेवर हात फिरवायची सवय असलेल्या माणसाला असं काहीतरी वाटू शकतं, एवढंच म्हणतो. माझा मात्र पुढचा जन्म एसीत बसायच्या नोकरीचा असावा.

टाचणी

काका, फलक पूर्ण पुसला.

पूल, पिरॅमिड, जपान, सगळं काढलं. किमोचं चित्र तेवढं ठेवलंय, खालच्या कोपऱ्यात, लहान. मधोमध माझ्या सपाट पायाचा आणि रूममेटच्या कमानीच्या पायाचा ठसा, चहाच्या पाण्यात पाय बुडवून कार्डशीटवर घेतलेला. बाजूला बाटलीच्या बुचाच्या चकत्या, ब्लेडने कापल्या, भुगाच जास्त पडला. चॉकलेटचा कागद पिळून त्याची वेणी घातली, दोन मिनिटांत घट्ट झाली, अजून सुटलेली नाही. इंदिरादेवींसाठी हिरव्या मखमलीचा तुकडा तुळशीबागेतून आणला, त्यावर खोटे मोती आधी सरळ रेघेत शिवले आणि मग स्टीलच्या वाटीवर ताणले. तुम्ही म्हणालात तस्सेच वाकडे झाले. ते तसेच लावलेत.

आणि माळ्यावरून आईची लग्नातली सँडल काढली. तिला विचारून, हो. सोल आधीच सुटलेला होता, सुरीने थोडं उचललं तर आत खरोखर तुमची पत्ती! गंजलेली, पण वाकलेली नाही. आई बघतच राहिली. म्हणाली, तीस वर्षं मला वाटत होतं मी नुसत्या चामड्यावर उभी होते.

उद्या सादरीकरण आहे. पत्ती फलकाच्या वरच्या भागात लावायचीय, पण गमाने चिकटत नाहीये, दोनदा पडली.

फर्मावाला

गमाने राहणारच नाही, वर गंज आहे. उगाच घासून चकचकीत करू नकोस, गंज राहू दे. तिच्या टोकाशी भोक असेल बघ, रिव्हेटचं. त्यातून मेणाचा दोरा ओव, फलकाला मागे दोन टाके घाल आणि गाठ टाकून वर सोल्युशनचा एक थेंब दे. पन्हळाची बाजू पुढे ठेव.

आणि आईच्या सँडलचा दुसरा पाय फेकू नकोस. बदलापूरला येणार असलीस तर घेऊन ये, तळ बसवून देतो.